मुठीच्या आत काय निघालं : स्वस्त मध्ययुगीन तलवारीतली फसवणूक

युरोपात राहून लाँगस्वोर्ड, म्हणजे दोन हातांनी धरायची मध्ययुगीन तलवार, चालवायला शिकू लागलेली मराठी मंडळी हल्ली अधूनमधून भेटतात. थोडे दिवस क्लबची नायलॉनची किंवा बोथट तलवार वापरून झाली, की स्वतःची असावी असं वाटायला लागतं, आणि नेमक्या त्याच सुमाराला फोनवर जाहिराती यायला लागतात. मी जर्मनीत असते. ज्या दुकानानं मला गंडवलं त्याचं नाव देत नाही. दिलं तरी उपयोग नाही, कारण ते सारखं बदलतं. पद्धत मात्र बदलत नाही, म्हणून तीच सांगते.

जाहिरात अशी होती : चौदाव्या शतकातल्या धाटणीची दोन हातांची तलवार, हाताने घडवलेली, १०९५ (म्हणजे भरपूर कार्बनचं, स्टेनलेस नसलेलं) दमास्कस पोलाद, म्हणजे थरांची नक्षी असलेलं, ‘बॅटल रेडी’ म्हणजे थेट लढाईला चालेल अशी, ४९९ युरोंची आज फक्त १८९ला. पात्यावर धावत्या लांडग्याचा शिक्का, म्हणजे म्हणे अस्सल जर्मन घडणीची खूण. संकेतस्थळ जर्मन भाषेत. आणि वर, पात्यावर तुमचं नाव फुकट कोरून मिळेल.

या फुकट नावातच खरी मेख आहे. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, पण ग्राहकाच्या सांगण्यावरून खास बनवलेल्या वस्तूला ही सवलत लागू होत नाही. नाव कोरलं की तो हक्क गेला. माल सदोष निघाला तर विक्रेत्याची जबाबदारी उरतेच, पण त्यासाठी विक्रेता सापडायला हवा. जर्मनीत धंद्याच्या संकेतस्थळावर ‘इम्प्रेसुम’चं पान कायद्यानं लागतं : मालकाचं नाव, पत्ता, संपर्क. या दुकानाच्या त्या पानावर एक रिकामा फॉर्म होता, ‘आम्हाला लिहा’ म्हणणारा. पैसे भरायच्या आधी ते पान उघडायला दोन मिनिटं पुरतात.

चॅटवरचा माणूस फार गोड होता. पेपालवर ‘मित्र आणि कुटुंब’ हा पर्याय निवडून पैसे पाठवलेत तर आणखी दहा युरो कमी करतो म्हणाला. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंच संरक्षण नसतं. तिथे मी बधले नाही, म्हणून पुढे भांडायला जागा तरी राहिली.

मग पार्सलऐवजी कस्टमची चिठ्ठी आली. माल युरोपीय संघाबाहेरून आला होता, त्यावर १९ टक्के आयात कर मी भरायचा होता, आणि पाठवणाऱ्यानं कागदावर लिहिलं होतं : ‘भिंतीवरची शोभेची वस्तू, स्टेनलेस स्टील, १२ डॉलर.’ जाहिरातीतलं १०९५ पोलाद सरहद्द ओलांडताना स्टेनलेस झालं! खरी किंमत दाखवायला मलाच बिल द्यावं लागलं. पण त्या कागदाचा फोटो मी लगेच काढून ठेवला, आणि पुढच्या सगळ्या भांडणात तोच सर्वांत कामाचा पुरावा ठरला. असं काही हाती आलं तर वेष्टन फाडून टाकू नका.

तलवार दिसायला झकास होती. आमच्या प्रशिक्षकांनी ती हातात घेतली, एकदा हलवली आणि म्हणाले, ‘ही सरावाला चालणार नाही. कुणाच्या समोर तर नाहीच.’ मग क्लबच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली : २ किलो २०० ग्रॅम. त्या काळातल्या खऱ्या लाँगस्वोर्डचं वजन साधारण १.२ ते १.८ किलो असतं. ‘जुने योद्धे बलदंड होते, त्यांना जड तलवारी लागत’ ही निव्वळ दंतकथा आहे, आणि निकृष्ट माल खपवणाऱ्यांच्या ती पथ्यावर पडते.

वजन वाढतं कशानं, तर पातं निमुळतं केलेलं नसतं म्हणून. खरं पातं रुंदीत निमुळतं होतं तसंच जाडीतही होतं. परजेपाशी, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांडीपाशी, सहा-एक मिलिमीटर, टोकाकडे दोन-तीन. त्यामुळे टोक हलकं राहतं आणि तलवार हव्या त्या जागी थांबवता येते. माझं पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत चार मिलिमीटर, सपाट पट्टीतून कापलेलं. परज आणि मुठीच्या टोकाचा लट्टू जस्ताच्या मिश्रधातूचा, ओतीव. तोल परजेपासून वीतभर पुढे, जिथे तो त्याच्या निम्म्या अंतरावर असायला हवा होता.

पोलादाची परीक्षा लिंबानं झाली. साध्या कार्बन पोलादावर लिंबाचा रस ठेवला तर थोड्या वेळात करडा डाग पडतो. इथे काही झालं नाही. दमास्कसची नक्षी म्हणजे आम्लानं उमटवलेली वरवरची रेघोटी. धारेजवळ बारीक पॉलिशपेपर फिरवल्यावर ती पुसून गेली. पाणी दिलेलं पातं वाकवून सोडलं की सरळ होतं. हे पातं गुडघ्यावर जरासं वाकवलं आणि तसंच वाकडं राहिलं.

इथपर्यंतचं सगळं मी पैशांचं नुकसान म्हणून सोडून दिलं असतं. लट्टू फिरवून काढला तेव्हा मात्र अंगावर काटा आला. पात्याचं जे शेपूट मुठीत शिरतं, ज्याला टँग म्हणतात, ते रुंद हवं, पात्याच्याच पोलादाचं, मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेलं. माझ्या तलवारीत ते करंगळीएवढंही लांब नव्हतं, आणि पुढे पेन्सिलपेक्षा बारीक आट्यांचा गज वेल्ड केलेला. जोरात फिरवताना हा टाका सुटला, तर धारदार लोखंड समोरच्याच्या अंगावर जातं. शोभेच्या वस्तूला असा जोड असणं हा गुन्हा नाही; स्पेनमधल्या तोलेदोच्या दुकानांतून पर्यटक भिंतीवर लावायला स्टेनलेसच्या तलवारी आनंदानं घेतात, कुणी कुणाला फसवत नाही. त्याच वस्तूला ‘बॅटल रेडी’ म्हणणं हा खरा हलकटपणा, आणि तो मला पैशांहून जास्त लागला.

क्लबमधला एकजण सहज म्हणाला, ‘भारतातली असेल.’ त्याला तिथेच थांबवलं. जगभर विकल्या जाणाऱ्या परवडणाऱ्या मध्ययुगीन तलवारींपैकी कितीतरी देहरादून आणि मेरठला बनतात, आणि तिथे वापरलं जाणारं ईएन ४५ हे गाडीच्या पाट्यांना लागणारं स्प्रिंगचं पोलाद आहे, चांगलं लवचीक. देश बघून तलवार कळत नाही.

शिक्का बघूनही नाही. धावता लांडगा ही मुळात पासाऊ या जर्मन शहरातल्या कारागिरांची खूण. तिचा दबदबा पाहून झोलिंगेन या दुसऱ्या जर्मन शहरातल्या तलवारवाल्यांनीही ती ठोकायला सुरुवात केली. त्याआधी नवव्या-दहाव्या शतकात ‘उल्फबेर्त’ हे नाव पात्यावर असलेल्या युरोपी तलवारी नावाजल्या, तर चुकीच्या स्पेलिंगच्या नकलाही निघाल्या. आपल्याकडे दख्खनमध्ये फिरंगी पात्यांना मागणी होती, तेव्हा इथल्या लोहारांनीही युरोपी शिक्के उमटवलेच. शिक्क्यावर भाळून पैसे मोजणारी मी काही पहिली नव्हे.

तक्रार केल्यावर दुकानानं आधी १५ टक्के परत देऊ म्हटलं, मग २५, मग ३०. प्रत्येक उत्तराला आठवडाभर लावायचे. हा वेळकाढूपणा मुद्दाम असतो. पेपालकडे वाद १८० दिवसांतच नोंदवता येतो. नंतर म्हणाले, तलवार स्वखर्चानं परत पाठवा, ज्याचा टपालखर्च तिच्या लायकीपेक्षा जास्त. मी घासाघीस थांबवली आणि कस्टमचा कागद, काट्यावरचं वजन व उघड्या मुठीचे फोटो लावून सरळ वाद नोंदवला. तलवारीचे पैसे मिळाले. आयात कर गेला तो गेलाच.

नव्यानं घेणाऱ्यांनी विक्रेत्याला आधी लेखी विचारावं : प्रत्यक्ष वजन किती, तोल परजेपासून किती अंतरावर, पात्याची जाडी दोन्ही टोकांना किती, आणि मूठ काढलेल्या टँगचा फोटो आहे का. खरा तलवारवाला हे आनंदानं सांगतो, उलट दोन गोष्टी जास्त सांगतो. ‘हाय कार्बन’ एवढंच उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. १०६०, ५१६०, ५१सीआरव्ही४ असा पोलादाचा नेमका क्रमांक हवा. वापरण्याजोगी नवी तलवार माझ्या पाहण्यात दोनशे-तीनशे युरोंच्या खाली क्वचितच मिळते. त्याहून बरं म्हणजे क्लबमधल्या कुणाची जुनी घ्यावी. सरावाला फेडर, म्हणजे बोथट लवचीक तलवारच लागते. धारदार घेतलीत तर जर्मनीत वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत आणि नेताना बंद पेटीत न्यावी लागते. भेट म्हणून भारतात कुरिअर करायचा विचार तर डोक्यातून काढाच. शस्त्र अधिनियम १९५९ आहे, आणि कुरिअरनं आलेल्या तलवारी महाराष्ट्रात पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

तोच माल सध्या दुसऱ्या नावानं विकला जातोय, यावेळी ‘वायकिंग’ म्हणून. फोटो मात्र जुनेच आहेत : लाल मखमलीचं कापड, आणि परजेच्या डाव्या टोकाला एक तिरका ओरखडा.