संध्याकाळी बरी होणारी गाडी

माझी गाडी भर दुपारी दगा द्यायची आणि दिवेलागणीला शहाण्यासारखी सुरू व्हायची. तिच्या या एका खोडीवर एका गॅरेजवाल्याने गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून २२,३०० रुपये काढले. शेवटी काम झालं ६०० रुपयांत. आता उन्हं पुन्हा तापू लागली आहेत, म्हणून सगळं लिहून ठेवतो. ज्याच्या दारात जुनी गाडी आहे त्याने जरा सवडीने वाचावं.

गाडी २००६ सालची, पेट्रोलवर चालणारी, छोटी. २०२१ मध्ये पंधरा वर्षं पुरी झाल्यावर तिची नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, कारण इंजीन ठणठणीत होतं. मी राहतो फोंड्याला, नोकरी पणजीत. रोजचं जाणं-येणं बसने; गाडी सणासुदीला, पाहुण्यांना आणि बाजारहाटाला.

एप्रिलमध्ये सांगलीहून मेव्हणा सहकुटुंब आला. त्यांना घेऊन दुपारी मंगेशीला गेलो. गाडी उन्हात लावली, दर्शन घेतलं, वीसेक मिनिटांनी परत आलो. चावी फिरवली तर नुसतं ‘टक’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक’. सेल्फ फिरायलाच तयार नाही. दिवे मात्र लख्ख, हॉर्नही खणखणीत. शेजारच्या टॅक्सीवाल्याने आपल्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर लावून दिला, तरी ‘टक’. मग चौघांनी धक्का मारला, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली.

हा प्रसंग नीट लक्षात ठेवा. बिघाड कुठे आहे हे गाडीने त्या दिवशीच सांगितलं होतं, पण माझं लक्ष मेव्हण्याच्या चेहऱ्याकडे होतं.

परतताना हमरस्त्याला लागून असलेल्या एका गॅरेजात शिरलो. नाव लिहीत नाही. काचेचं ऑफिस, आत एसी, कॉफीचं यंत्र, टी-शर्टवर नाव छापलेली पोरं. आमचे जुने वायरिंगवाले काका आंबा-काजूच्या दिवसांत कुडाळकडे गावी जातात, म्हणून त्यांचं शटर बंद असणार हे धरून चाललो होतो. आणि खरं सांगायचं तर स्कॅनर वगैरे पाहून मला बरंही वाटलं होतं. पोराने स्कॅनर जोडला, स्क्रीनकडे पाहून म्हणाला, “सर, लो व्होल्टेज दाखवतंय. बॅटरी गेली.” बॅटरी चौदा महिन्यांची होती. तसं म्हटल्यावर मालक हसला, “गोव्याची हवा, सर. इथे बॅटरी टिकत नाही.” नवी ४,८०० ची, जुनीचे ६०० वजा. जुनीवर अजून वॉरंटी बाकी होती हे मला घरी जाऊन कार्ड काढल्यावर कळलं. तोवर ती त्याच्याकडे गेलेली.

गाडी ताब्यात मिळाली संध्याकाळी साडेसहाला. पहिल्या चावीला सुरू.

नंतरचे दोन-तीन दिवस गाडी सकाळीच काय ती बाहेर निघाली, त्यामुळे काही कळलं नाही. पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो, दुपारी निघताना पुन्हा तेच ‘टक’. यावेळी निदान झालं, “स्टार्टर मोटर जळली,” म्हणजे सेल्फची मोटर. नवी ९,५०० ची, मजुरी १,२००. जुनी मोटर दाखवा म्हटलं तर “ती एक्स्चेंजमध्ये कंपनीला परत जाते, सर.” गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि दिली कधी? संध्याकाळी सातला. बॉनेट उघडून पोराने मला चंदेरी रंगाचा चकचकीत स्टार्टर दाखवला. मी मान डोलावली.

आठेक दिवस गाडीने भर दुपारीही त्रास दिला नाही. त्यामुळे या माणसावर माझा विश्वास बसला, आणि खरा घात इथेच झाला. मे महिन्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कामासाठी थांबलो होतो, तिथे पुन्हा अडकलो. आता निघाला फ्युएल पंप. “स्टार्टर नवा, बॅटरी नवी, म्हणजे पेट्रोल पोहोचत नसणार.” मजुरी धरून ७,४००. मी दिले! सेल्फ फिरतच नसेल तर त्यात पेट्रोलच्या पंपाचा काय संबंध, एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही. पंप पूर्ण बंद पडला तरी सेल्फ घरघर फिरतो. इंजीन तेवढं पकडत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत. पण त्या काचेच्या ऑफिसात बसलं की माणूस मुकाट ऐकून घेतो. डॉक्टरांसमोर बसल्यासारखं होतं.

चौथ्यांदा गाडी अडली तेव्हा मालक म्हणाला, “ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदलावा लागेल, १८,००० धरा.” एवढ्या पैशांत आमच्याकडे दोन महिन्यांचं वाणसामान येतं. मी उठलो, गाडी थंड होईपर्यंत रस्त्याकडेला उभा राहिलो आणि ती घेऊन घरी आलो. हिने विचारलं, “ते दरवेळी गाडी संध्याकाळीच का देतात हो?” तीन वेळा गाडी आणली, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गार गाडी तशीही सुरू होणारच होती. त्यांनी काही केलं असतं किंवा नुसता बोनेट पुसला असता, तरी मला सातच्या सुमाराला तोच अनुभव आला असता.

मेच्या शेवटी वायरिंगवाले काका गावाहून परतले. एका शटरचं दुकान, बाहेर पिंपळ, बसायला रंगाचा उपडा डबा. मी सगळं सांगू लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं आणि एवढंच विचारलं, “चावी फिरवल्यार दिवे मंद होतत काय?” नाही म्हटल्यावर, “मगे बॅटरीचो काय दोष?”

त्यांनी जे केलं ते त्या गॅरेजात एकदाही झालं नव्हतं. आधी त्यांनी बिघाड स्वतःसमोर घडवून आणला. गाडी भर उन्हात उभी करून एसी लावून अर्धा तास चालू ठेवली, मग बंद केली आणि बॉनेट न उघडता पंधरा मिनिटं बिडी ओढत बसले. इंजीन बंद केलं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतं आणि बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. थांबल्यावर दहा-वीस मिनिटं हीच सगळ्यात वाईट वेळ. म्हणजे देवदर्शनाला, चहाला, बाजाराला लागतो तेवढाच वेळ.

मग चावी. ‘टक’. काका खूश झाले.

त्यांनी मीटर काढला. नुसती बॅटरी १२.६ व्होल्ट. चावी फिरवलेली असताना १२.१, म्हणजे बॅटरी उत्तम. नंतर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली. सेल्फ मारताना या दोन जागांमधला फरक फार तर अर्धा व्होल्ट हवा. काटा पाच-सहाच्या मध्ये नाचत होता. बारा व्होल्टांतले निम्मे वाटेतच मरत होते. मग त्यांनी माझ्याच डिकीतली जंपर केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनाच्या लोखंडाला, आणि म्हणाले, “मार आता.” सेल्फ असा फिरला की मी दचकलो.

दोष होता अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या केबलमध्ये. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक बारीक वायर बॉडीला जाते आणि एक जाड गिअरबॉक्सला. दिव्यांना, हॉर्नला बॉडीची वायर पुरते, म्हणून ते लख्ख. सेल्फला मात्र शेकड्याने अँपिअर लागतात आणि ते सगळे त्या जाड केबलमधून परत यावे लागतात. केबल वरून धडधाकट होती. काकांनी टोकाचं रबर कापलं तर आत तांब्याच्या जागी हिरवा चुरा. समुद्राची खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. आपल्याकडे तांबं असंच आतून खाल्लं जातं. गोव्याच्या हवेचं मालकाने सांगितलं ते खरंच होतं म्हणायचं, फक्त त्याने ते भलत्या वस्तूला लावलं.

उन्हाचा संबंध असा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे स्टार्टर साठ अंशांनी तापला की त्याच्या तारांचा रोध पावपट चढतो. गार असताना कुजक्या केबलमधून जेमतेम पुरेसा करंट मिळायचा, तापल्यावर तोही पुरेना. आणि मंगेशीला जंपरने काम का झालं नाही? कारण टॅक्सीवाल्याने निगेटिव्हचा चिमटा माझ्या बॅटरीला लावला होता, म्हणजे पुन्हा त्याच कुजक्या केबलच्या अलीकडे. खरी पद्धत तो चिमटा इंजिनाच्या धातूला लावायची आहे. तसा लावला असता तर गाडी तिथेच सुरू झाली असती आणि बिघाडही तिथेच कळला असता. स्टार्टर खाली-वर करताना ती केबल हलली असावी, म्हणून मधले आठ दिवस बरे गेले.

नवी केबल ३५०, मजुरी २५०.

इथवर मी गॅरेजवाल्याला फक्त अडाणी समजत होतो. मग काकांची नजर त्या चंदेरी स्टार्टरवर गेली. रंगाचा फवारा वायरच्या रबरी टोपीवरही उडाला होता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने बुडाजवळचा रंग खरवडला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “रे, हो नवो खंयचो? ही खूण माझी.” २०१७ मध्ये याच स्टार्टरचे कार्बन ब्रश त्यांनी बदलले होते. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मालावर ते कानशीने दोन रेघा मारतात, कुणी दुसराच माल आणून वॉरंटी मागू नये म्हणून. त्या दोन रेघा रंगाखाली तशाच होत्या. माझाच स्टार्टर मला ९,५०० ला विकला होता.

घरी येऊन मागची सीट उचलली. माझ्या गाडीत पंपाचं झाकण तिथे असतं. झाकणाच्या स्क्रूंच्या खाचांत वर्षानुवर्षांची लाल माती दगडासारखी बसलेली. त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन गेलो. मालकाचा पवित्रा बदलला, “आम्ही रिकंडिशन्डच सांगितलं होतं, सर.” माझ्याकडे बिल म्हणावं असं काही नव्हतं, बिल मागितलं की “जीएसटी वेगळा लागेल” म्हणायचे आणि मी चार पैसे वाचवायला कागदाच्या चिटोऱ्यावर समाधान मानायचो. हा माझा लोभ, तोही कबूल करतो. पण पैसे फोनवरून दिलेले, आणि ‘न्यू स्टार्टर फिटेड’ असा त्यांचाच मेसेज माझ्याकडे होता. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून रीत समजून घेतली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. मग सगळे मेसेज, फोटो आणि रकमा लिहून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. सहाव्या दिवशी फोन आला आणि १०,७०० परत मिळाले, म्हणजे स्टार्टर आणि त्याची मजुरी. पंपाच्या पैशांवर तो अजून “बघूया” म्हणतो. त्यासाठी आयोगात जायचे कागद तयार करतो आहे.

कुणी विचारलंच तर आता मी काय करतो ते सांगतो. गाडी अडली की आधी आवाज ऐकतो. सेल्फ फिरत नसेल तर हेडलाइट लावून चावी फिरवायची. दिवे विझत आल्यासारखे झाले तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा अडकलेला स्टार्टर. दिवे तसेच राहिले तर करंट स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही. अर्थ, सोलेनॉइड (स्टार्टरवरचा विजेचा स्विच) आणि चावीचा स्विच बघायचा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजीन पकडत नाही, तेही फक्त तापल्यावर, तर गोष्ट वेगळी. इंजेक्शनच्या गाडीत बरेचदा दोष क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनाचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरचा असतो. ओल्या फडक्याने तो गार केला आणि गाडी सुरू झाली तर चोर सापडला. फार जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल तापून उकळतं, तिथे अॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा लागतो. गॅरेजात गाडी देताना प्रत्येक जुना भाग परत हवा, हे काम सुरू व्हायच्या आधी सांगायचं, बॅटरीच्या नंबरचा फोटो काढायचा आणि पक्कं बिल घ्यायचं. आणि गाडी ताब्यात घ्यायची दुपारी दोनला, अर्धा तास फिरवून, बंद करून, पंधरा मिनिटं थांबून. यावर जो कुरकुरेल त्याच्याकडे मी आता गाडी ठेवत नाही.

जूनमध्ये पहिल्या पावसाआधी काकांनी स्टार्टर उतरवला, त्यावरचा चंदेरी रंग थिनरने पुसून काढला, ब्रश बघितले आणि म्हणाले अजून दोन वर्षं जातील. बसवण्याआधी कानस घेतली आणि जुन्या दोन रेघांशेजारी तिसरी मारली.