लॅकचे टेबल आणि गणपतीचे मखर: सुट्या भागांच्या फर्निचरचे परीक्षण

आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचे ‘लॅक’ नावाचे छोटे चौकोनी टेबल चहाचे कप ठेवण्यापुरते ठीक आहे, यात शंका नाही. परंतु या परीक्षणाचा विषय ते टेबल नसून त्याचे सुटे भाग, म्हणजे एक फळी आणि चार पाय हा आहे. हे भाग कच्चा माल मानून त्यांतून घरासाठी दुसरे काही उभे करायचे असेल, तर हा माल कितपत चांगला आहे? माझे मत असे की तो चांगला आहे, परंतु त्याच्या पोटात काय आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठीच. नवी मुंबईत तुर्भे येथे डिसेंबर २०२० मध्ये आयकियाचे दालन सुरू झाल्यापासून ही टेबले आपल्याकडच्या घरांत मोठ्या संख्येने आली आहेत, आणि घर बदलताना ती तितक्याच सहजपणे टाकूनही दिली जातात. म्हणून या प्रश्नाचा विचार नीट व्हायला हवा.

लॅकची फळी ५५ सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद, टेबलाची उंची ४५ सेंटिमीटर, आणि फळीची जाडी व पायांची रुंदी सुमारे ५ सेंटिमीटर. इतकी जाड फळी एका हाताने सहज उचलली जाते, कारण ती भरीव नाही. कडेने पार्टिकल बोर्डची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) चौकट, वर व खाली फायबरबोर्डचा (लाकडाचे तंतू दाबून केलेला) पातळ पत्रा आणि मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी, अशी तिची रचना असते. ही पद्धत दरवाजे बनवण्याच्या कारखान्यांतून आली आहे, त्यामुळे पोकळ फ्लश दरवाजे हाताळलेल्या सुताराला तिच्यात नवे काही वाटणार नाही. बोटाच्या पेराने कडेपासून मध्याकडे टकटक करत जावे. कडेला बद्द आवाज येतो, आणि थोडे आत सरकताच तो एकदम पोकळ होतो. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी. त्या रेघेच्या बाहेर स्क्रू धरतो, आत तो नुसता फिरत राहतो. पायांचेही तसेच आहे. दुतोंडी स्क्रू ज्या टोकात बसतो तिथे भरीव ठोकळा असतो, आणि त्याखाली बहुतेक सगळी पोकळी.

या एका गोष्टीवर पुढचे सर्व काम अवलंबून आहे. युरोपातील संगणकप्रेमींनी लॅकचा जो उपयोग शोधून काढला, तो याच मापांमुळे प्रसिद्ध झाला. ५५ सेंटिमीटरमधून दोन्ही पायांची जाडी वजा केली की मध्ये सुमारे ४५ सेंटिमीटर जागा उरते, आणि १९ इंची मांडणीत (यंत्रे एकावर एक बसवण्याच्या प्रमाणित रॅकमध्ये) बसणारी सर्व्हर-यंत्रे या जागेत जातात. त्यांच्या पुढच्या कानांतून, म्हणजे दोन्ही बाजूंना आलेल्या भोकांच्या पट्ट्यांतून, पायांत स्क्रू मारले की स्वस्तात मांडणी तयार होते. त्याला ‘लॅकरॅक’ असे नावच पडले. प्राग येथील प्रुसा या थ्रीडी प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने तर लॅकची टेबले एकावर एक रचून आणि बाजूंना ॲक्रिलिकचे तक्ते लावून प्रिंटरसाठी पेटी कशी करावी, याची सविस्तर कृतीच प्रसिद्ध केली आहे.

एकावर एक रचण्याची ही कल्पना आपल्याकडे गणपतीच्या मखरासाठी उत्तम लागू पडते, आणि मला स्वतःला लॅकचा हा उपयोग सर्वांत अधिक आवडतो. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यानंतर दरवर्षी पुन्हा वापरता येईल असे मखर अनेक घरांना हवे आहे. खालचे टेबल ही बैठक आणि वरच्या टेबलाचे चार पाय हे मंडपाचे खांब. मधली मोकळी उंची सुमारे ४० सेंटिमीटर आणि रुंदी ४५ मिळते, म्हणजे पाटासह एक फुटाची मूर्ती त्यात व्यवस्थित बसते. वरचे पाय खालच्या फळीच्या कोपऱ्यांवर, बरोबर खालच्या पायांच्या माथ्यावर आले पाहिजेत, कारण तिथे भरीव भाग आहे आणि वरचे वजन सरळ जमिनीपर्यंत पोहोचते. प्रत्येक सांध्याला मागच्या बाजूने लोखंडी एल-पट्टी आणि आखूड स्क्रू पुरेसे होतात. छताच्या खालच्या अंगाला १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावून तिची वायर मागच्या पायाच्या आतल्या कोपऱ्यातून खाली सोडली की ती दिसत नाही. खांबांना जुन्या पैठणीचे काठ गुंडाळावेत. रंगापेक्षा ते कितीतरी शोभतात.

मात्र मूर्ती थेट फळीच्या मध्यावर ठेवू नये. कंपनीने या टेबलाला २५ किलोची मर्यादा दिली आहे, आणि शाडूची मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीपेक्षा बरीच जड असते. त्यात पाट, नैवेद्याची ताटे आणि सजावट यांचे वजन मिळते, ते वेगळेच. फळीएवढाच प्लायचा तुकडा कापून वर ठेवला, म्हणजे मूर्तीचे वजन मध्यभागी न साचता कडेच्या चौकटीवर पसरते, पण २५ किलोची मर्यादा त्याने वाढत नाही. मूर्तीचे वजन त्याच्या जवळपास जात असेल, तर खालच्या फळीला मधोमध लाकडी ठोकळ्याचा टेकू द्यावा. समई आणि निरांजन खाली जमिनीवर, कापडापासून दूर असावे. हे सर्व साहित्य पेट घेणारे आहे, याचा विसर पडता कामा नये.

विसर्जनानंतर मखर उलगडून सपाट गठ्ठा माळ्यावर ठेवता येतो, आणि इथे या फर्निचरचे मूळ तत्त्वच कामी येते. १९५० च्या दशकात आयकियाने पाय सुटे करून टेबले सपाट खोक्यात विकायला सुरुवात केली, ती वाहतुकीतील जागा आणि मोडतोड वाचावी म्हणून. आयकियाचे डिझायनर गिलिस लुंडग्रेन यांनी टेबल मोटारीत मावावे म्हणून त्याचे पाय काढले, अशी हकीगत सांगितली जाते, आणि पुढे १९७९ मध्ये ‘बिली’ हे पुस्तकांचे कपाटही त्यांनीच घडवले. परंतु पार्टिकल बोर्ड वारंवार स्क्रू काढण्या-घालण्यासाठी केलेला नसतो. काही वर्षांनी भोक सैल होऊ लागते. तसे दिसले की भोकात फेविकॉल लावलेल्या लाकडी काड्या ठोकून, रात्रभर वाळवून, मग पुन्हा स्क्रू बसवावा. दरवर्षी उघडायचेच असेल, तर आटे असलेली धातूची बुशिंग सुरुवातीलाच बसवून घेणे अधिक चांगले.

दुसरा उपयोग म्हणजे मांडी घालून लिहिण्याचे बैठे डेस्क. त्यासाठी पाय खालच्या टोकाकडून कापावे लागतात, म्हणजे स्क्रूचा भरीव ठोकळा शाबूत राहतो. पाय २२ सेंटिमीटर ठेवले की एकूण उंची २७ सेंटिमीटर होते आणि मुलांना ती सोयीची पडते. बारीक दातांच्या करवतीने, कापण्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावून कापल्यास वरचा पापुद्रा उचटत नाही. कापलेल्या टोकाची पोकळी लाकडाच्या तुकड्याने भरणे अत्यावश्यक आहे. ती उघडी राहिली, तर लादी पुसताना पाणी आत जाते आणि फायबरबोर्ड फुगतो. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर पाण्याचा थेंब न लागताही उघड्या कडा ओल धरतात. म्हणून कापलेली प्रत्येक कड वार्निश किंवा प्रायमरने बंद करावी. रंग द्यायचा असल्यास चकचकीत पृष्ठभाग आधी बारीक पॉलिश पेपरने घासावा, नाहीतर रंग नखाने सुटून येतो.

आयकियाच्याच ‘कॅलॅक्स’ या चौकोनी खणांच्या कपाटाबाबत थोडक्यात सांगतो. आतला खण ३३ सेंटिमीटरचा असल्याने नाट्यसंगीताच्या जुन्या लाँगप्ले तबकड्या त्यात नेमक्या उभ्या राहतात. पण हे कपाट आडवे करून त्याचा बाक करायचा असेल, तर वर जाड प्लाय हवाच, कारण त्याच्याही जाड फळ्यांत कागदाची जाळी आहे.

ज्यांना खरोखर कापायचे, कोरायचे, रंधा मारायचा आहे, त्यांनी मात्र आयकियाचेच ‘आयव्हर’ हे फळ्यांचे कपाट घ्यावे. ते भरीव पाइनचे आणि पॉलिश न केलेले असते. त्यात खिळा कुठेही धरतो, त्याला तेलपॉलिश लागते, आणि चूक झाली तरी तासून दुरुस्त करता येते. पाइन हे मऊ लाकूड आहे आणि वाळवीला ते आवडते. त्यामुळे जुन्या घरात तळमजल्यावर ते भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि वाळवीप्रतिबंधक औषधाचा हात दिल्याशिवाय तर मुळीच नाही. लॅकपेक्षा ते महाग पडते, पण सागाच्या जवळपासही जात नाही. शिकाऊ हातासाठी मी तेच सुचवीन.

नवे लॅक विकत घेऊन मोडण्यापेक्षा वापरलेले मिळवावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. घर बदलणाऱ्यांकडे ते पडून असते. पार्टिकल बोर्ड वितळवून नवे काही करता येत नाही, त्यामुळे भंगारातही त्याला किंमत नाही. घेताना फळी उलटी करून चारही भोकांत अंगठ्याने दाबून पाहावे. भोकाभोवतीचा भाग फुगलेला किंवा भुसभुशीत लागला, तर ती फळी सोडून द्यावी आणि हवे तर नुसते पाय मागून घ्यावेत.