तीन महिन्यांतून एक सेन्सर

आमच्या मुलाला आठव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. तेव्हापासून गेली चार वर्षे दिवसातून पाच-सहा वेळा बोटाला टोचून साखर पाहणे हा आमच्या घरचा नेम आहे. एक पट्टी साधारण वीस रुपयांना पडते, म्हणजे दिवसाला शंभर-सव्वाशे रुपये, आणि इन्शुलिन व सुयांचा खर्च वेगळा. अशा घराला दंडावर लावायचा, न टोचता साखर सतत मोजणारा सेन्सर कसा परवडू शकतो, हे आमच्या अनुभवावरून लिहीत आहे.

आम्ही ॲबट कंपनीचा फ्रीस्टाइल लिब्रे वापरला. नाण्यापेक्षा थोडी मोठी चकती दंडाच्या मागच्या बाजूला बसते आणि तिचा सुमारे पाच मिलिमीटरचा बारीक तंतू कातडीखाली राहतो. तो रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो. त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना त्याचा आकडा बोटावरच्या आकड्यापेक्षा काही मिनिटे मागे असतो. पहिला तास आकडा मिळत नाही, त्यानंतर चौदा दिवस मिळतो. एका सेन्सरला पाच हजारांच्या आसपास पैसे पडतात. वर्षभर अखंड लावायचा तर २६ सेन्सर, म्हणजे सुमारे १ लाख ३० हजार रुपये. एवढा खर्च आम्हाला झेपणारा नाही. म्हणून आम्ही तीन महिन्यांतून एकच लावतो. वर्षाचे वीस हजार होतात आणि ते आधीपासून बाजूला काढून ठेवता येतात.

पहिल्याच सेन्सरने आमची मोठी चूक दाखवली. रात्री दहाला बोटावर १४० आणि सकाळी सातला १९० दिसत असल्यामुळे मी रात्रीचे बेसल, म्हणजे दीर्घकाळ हळूहळू काम करणारे, इन्शुलिन वाढवण्याविषयी डॉक्टरांना विचारणार होते. आलेखात मात्र निराळेच दिसले. ज्या दिवशी मुलगा अंधार पडेपर्यंत क्रिकेट खेळत असे, त्या रात्री तीनच्या सुमारास साखर ५५ पर्यंत, म्हणजे धोक्याइतकी खाली, उतरत होती आणि पहाटे पुन्हा वर येत होती. तो झोपेत घामाने भिजत होता आणि आम्ही ते उकाड्यावर ढकलत होतो. डॉक्टरांनी खेळाच्या दिवसांचा रात्रीचा डोस कमी करून दिला. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीचेही तसेच झाले: जेवायला बसताना इन्शुलिन दिले की साखर ३०० च्या पुढे जाई, पंधरा मिनिटे आधी दिले की चढ बराच कमी राही. हे बोटावरच्या पाच आकड्यांवरून आम्हाला कधीच उमगले नसते.

खरेदीपूर्वी आपल्या फोनमध्ये एनएफसी, म्हणजे फोन जवळ नेऊन सेन्सर वाचण्याची सोय, आहे का, हे अवश्य पाहावे. स्वस्तातल्या अनेक फोनमध्ये ते नसते आणि मग वेगळा रीडर घ्यावा लागतो. पाकिटावरची मुदतही तपासावी, कारण एका ऑनलाइन विक्रेत्याने आम्हाला नऊ दिवसांत मुदत संपणारा सेन्सर पाठवला होता. सेन्सरमध्ये आठ तासांचीच नोंद साठते. म्हणून झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर फोन जवळ नेऊन स्कॅन करावा लागतो, नाहीतर आलेखात खंड पडतो. त्या दंडावर झोपल्यास साखर खोटीच कमी दिसू शकते, तर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे ती खोटी जास्त दिसू शकते. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर बोटाला टोचूनच खात्री करावी. पट्ट्या बंद करण्याच्या विचाराने कोणी सेन्सर घेऊ नये.

आम्ही वापरलेला सेन्सर रात्री गजर करून उठवत नाही, आणि टाइप वनच्या मुलासाठी ही उणीव लहान नाही. नवा लिब्रे २ प्लस पंधरा दिवस चालतो, मिनिटामिनिटाला आकडा फोनवर पाठवतो आणि साखर उतरली की गजरही करतो. ज्या मुलांना साखर उतरल्याचे झोपेत कळत नाही, त्यांच्या पालकांनी अन्य खर्चाला कात्री लावूनही तोच घ्यावा, असे मला मनापासून वाटते. आम्हीही पुढच्या वेळी तो घेणार आहोत.

तो मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात लावायचे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे. पेपरच्या दिवशी सकाळी मुलाची साखर नेमकी किती वाजता चढू लागते, ते आम्हाला पाहायचे आहे.