ग्लुकोजला न्याय, मेदाला वजाबाकी

मी संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे इन्सुलिन आणि मेद यांच्या चयापचयाचं गणिती मॉडेलिंग शिकवणारा हा ऑनलाइन कोर्स मी गणिताच्या बाजूने तपासला. पहिला, ग्लुकोजचा भाग फार चांगला आहे. दुसऱ्या, मेदाच्या भागावर राग आहे, तो पुढे काढते.

कोर्सचा कणा म्हणजे रिचर्ड बर्गमन, क्लाउडिओ कोबेली आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडलेलं ‘मिनिमल मॉडेल’. शिरेतून ग्लुकोज द्यायचं, तीन तास ठरावीक वेळी रक्ताचे नमुने घ्यायचे आणि ग्लुकोजची उतरण दोन अवकल समीकरणांत बसवायची. खरी गंमत दुसऱ्या समीकरणात आहे. रक्तात इन्सुलिन वाढलं म्हणून परिणाम लगेच दिसत नाही. ते आधी पेशींभोवतीच्या द्रवात पोचावं लागतं. हा उशीर पकडण्यासाठी मॉडेलमध्ये ‘एक्स’ ही राशी आहे, आणि ती थेट मोजता येत नाही. शिकवणाऱ्या बाई सरळ ती काढून टाकतात आणि म्हणतात, आता आलेख जुळवून दाखवा. जुळत नाही! एक्स का हवा, हे व्याख्यानापेक्षा त्या फसलेल्या आलेखातून जास्त कळतं.

पुढचा स्वाध्याय तर माझ्या विद्यार्थ्यांनाही द्यावा असा. नमुने कमी केले की पी-२ (एक्स किती वेगाने ओसरतो) आणि पी-३ (इन्सुलिनने एक्स किती वेगाने वाढतो) या पॅरामीटरच्या कितीतरी जोड्या सारख्याच सुबक बसतात. इन्सुलिन-संवेदनशीलता, म्हणजे इन्सुलिनला शरीर किती दाद देतं, ती पी-३ भागिले पी-२. सुटे आकडे डगमगतात, गुणोत्तर त्या मानाने टिकतं. मधुमेहात स्वतःचं इन्सुलिन फार स्रवत नसल्याने चाचणीच्या विसाव्या मिनिटाला ते बाहेरून का देतात, तेही इथेच उलगडतं.

होमा निर्देशांक, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती विरोध करतं याचा ढोबळ अंदाज (उपाशीपोटीचं ग्लुकोज मिलिमोलमध्ये, गुणिले इन्सुलिन मायक्रोयुनिटमध्ये, भागिले २२.५), झटपट उरकलाय. तेवढं पुरे.

आता मेद. इथे बराचसा वेळ १९७२ च्या फ्रिडेवाल्ड सूत्रावर जातो: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या मेदाचा पाचवा हिस्सा वजा केला की एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल). ट्रायग्लिसराइड डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की हे सूत्र वापरायचं नाही. सूत्र कामाचं आहे, पण काळानुसार काय बदलतं ते यात कुठे आहे? ही वजाबाकी आहे, चयापचयाचं मॉडेल नव्हे.

आणि विषय किती समृद्ध! स्नायूंनी ग्लुकोज ओढायला जेवढं इन्सुलिन लागतं, त्याच्या कितीतरी कमी इन्सुलिनने मेदपेशींतलं लिपोलिसिस (साठलेला मेद फुटून मेदाम्लं रक्तात सुटणं) दबतं. यकृताकडे जाणारी मेदाम्लं घटली की यकृतातून बाहेर पडणारं ग्लुकोजही घटतं. म्हणजे ग्लुकोजच्या समीकरणातच मेदाचा हात आहे. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फिलिप रँडल यांनी १९६३ मध्येच ग्लुकोज आणि मेदाम्लांची स्पर्धा मांडली होती. कोर्समध्ये त्यांचं नावसुद्धा नाही.

चीड आणणारी गोष्ट ही की सरावाच्या डेटा फाइलमध्ये मुक्त मेदाम्लांचा रकाना आहे आणि शेवटपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. मी आलेख काढला. इन्सुलिन वाढल्यावर मेदाम्लं घसरतात, ते ओसरलं की परत चढतात, आणि सुरुवातीच्या पातळीच्याही वर जातात. तिसरं समीकरण लिहायला एवढी सामग्री पुरेशी होती.

अवकल समीकरणं येत असतील तर ग्लुकोजच्या भागासाठी कोर्स जरूर घ्या. मेदाचे व्हिडिओ सोडून द्या, पण ती फाइल उतरवून घ्या.