मेंडेल्सोन की ग्रीग: आधी कुणाला हात घालावा?

दोन-तीन वर्षं पियानो शिकून झाला, नोटेशन अडखळत का होईना वाचता येतं, आणि आता धड्यांच्या पुस्तकाचा कंटाळा आलाय. अशा वेळी दोन संग्रह हमखास सुचवले जातात: जर्मन संगीतकार मेंडेल्सोनची ‘शब्दांविना गीतं’ आणि नॉर्वेच्या ग्रीगचे ‘लिरिक पीसेस’. पहिल्यात सहा-सहांच्या आठ वह्या, म्हणजे ४८ रचना. दुसऱ्यात १८६७ ते १९०१ या काळात निघालेल्या दहा वह्यांत मिळून ६६. बहुतेक रचना दोन-चार पानांच्या, एकाच भावावर रेंगाळणाऱ्या. आपल्या भावगीतातून शब्द काढून घेतले तर जे उरेल, त्याच्या जवळपासचं काहीतरी.

पेटीचा भाता चालू आहे तोवर सूर टिकतो. पियानोचा सूर मात्र वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. मग त्यावर गाणं गायचं कसं? मेंडेल्सोन सुरावटीखाली साथीचे स्वर सतत झुळझुळत ठेवतो, त्यामुळे वरचा सूर विरतोय हे कानाला जाणवत नाही. ऐकायला सोपं, हाताला नाही. पहिल्या वहीतल्या, म्हणजे ओपस १९ मधल्या (ओपस म्हणजे संगीतकाराच्या कृतीचा क्रमांक), पहिल्याच गीतात उजव्या हाताची करंगळीकडची बोटं गातात आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी साथ हळू ठेवायची असते. हे जमायला महिने जातात. त्याच वहीतलं सहावं, जी मायनरमधलं व्हेनिसचं नावाड्याचं गीत, त्या मानाने सोपं: डावा हात झुलत राहतो, उजवा गातो. (शोधताना ओपस क्रमांकच वापरा. ‘स्प्रिंग साँग’सारखी बरीचशी नावं मेंडेल्सोनने दिलेली नाहीत.)

ग्रीगची पहिली वही, ओपस १२, ‘अरिएटा’ने उघडते. अवघी २३ मापं (बार). इथेही वर सूर, खाली खर्ज आणि मध्ये झुळझुळ; पण ही झुळझुळ दोन्ही हातांत वाटून दिली आहे, त्यामुळे एकाच हातावर सगळा भार येत नाही. पुढच्या ए मायनर वॉल्ट्झमध्ये डाव्या हाताला खर्ज आणि कॉर्ड असं सरळ काम आहे. पेटीवरून आलेल्यांना याचा मोठा फायदा, कारण त्यांचा डावा हात आजवर भात्यावरच होता. मात्र पुढच्या वह्यांत फसू नका. ‘फुलपाखरू’ आणि ‘ट्रोल्डहाउगेनमधला लग्नाचा दिवस’ यांना बरीच वर्षं द्यावी लागतात.

जर्मन संगीतकार शूमानचा ‘किंडरस्त्सेनेन’ (‘बालपणीची दृश्यं’, १८३८) हा पियानोसंग्रह नावाला भुलून मुलांसाठी आणू नये. त्यात मोठ्यांनी बालपणाकडे वळून पाहिलंय, आणि लहान पंजाला त्यातल्या ‘ट्रॉयमेराय’ या रचनेतले ताण झेपत नाहीत. मुलांसाठी त्याचंच १८४८ चं ओपस ६८ (‘मुलांसाठी अल्बम’) आहे.

माझं मत ग्रीगला. शिक्षक शेजारी बसून कान पिळणारे असतील तर मेंडेल्सोन घ्या, कारण बोटांची शिस्त तो जास्त लावतो. एकट्याने शिकणाऱ्याला मात्र तो पहिल्याच पानावर नाउमेद करतो. दोन्हींची जुनी छापील पानं आयएमएसएलपी (IMSLP) या वेबसाइटवर फुकट मिळतात, तेव्हा आधी ‘अरिएटा’ छापून घ्या. आणि शेवटच्या वहीतली शेवटची रचनाही: तिथे ग्रीगने हीच सुरावट चौतीस वर्षांनी वॉल्ट्झ करून परत आणली आहे.