सासऱ्यांची थ्री-नॉट-थ्री रायफल: नेम धरायची नवी साईट बसवून सात महिने

सात महिने, एकशे साठेक काडतुसं, दोन रानबोकड आणि एक हरीण. एवढ्याच वापरावर लिहितेय, तेव्हा तज्ज्ञाचं मत म्हणून वाचू नका.

मी चंद्रपूरची, राहते न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थला. नवरा इथलाच, पण बंदुकीचं त्याला वावडं. रुआहिनेच्या डोंगरात सासऱ्यांबरोबर जायची ती मीच. (इथे सुना सासऱ्यांना नावानं हाक मारतात. माझी जीभ काही वळली नाही, मी 'बाबा'च म्हणत राहिले. म्हाताऱ्याला ते आवडायचं.) ते गेले तेव्हा घरात परवाना फक्त माझ्या नावावर, म्हणून कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. २०२३पासून इथे बंदुकांची नोंदवही सुरू झालीय, त्यामुळे वारशानं आलेलीही आपल्या नावावर चढवावी लागते. ते काम मुकाट्यानं झालं.

वस्तू म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, मार्क तीन, आकड्यापुढे चांदणीची खूण. खांद्याला टेकायच्या दस्त्याच्या गळ्याशी लोखंडावर बीएसए (बर्मिंगहॅमचा बंदूक कारखाना) आणि १९१७ असं कोरलेलं. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसायची तीच ही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटीवर रेल्वे पोलिसांच्या हातात होती तीही थ्री-नॉट-थ्रीच. इथे मात्र हिच्या नशिबी वेगळी नोकरी आली. माणूस येण्याआधी या देशात जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. हरणं एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी हौसेनं आणून सोडली आणि ती एवढी माजली, की १९३०च्या दशकात सरकारनंच पगारी शिकारी लावले. पुढे लष्करानं काढून टाकलेल्या रायफली स्वस्तात मिळायला लागल्या, आणि लोकांनी पुढचं लाकूड कापून त्या शिकारीसाठी हलक्या करून घेतल्या. आमच्या रायफलीचं लाकूडही कुणीतरी करवतीनं कापलंय, आणि फार प्रेमानं नाही.

मला मिळाली तेव्हाची अवस्था सांगते. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा, लोण्यासारखा चालत होता, पण नळीत आत चट्टे होते. जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, तिच्यातून क्षार उरतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि नळी खातात. तेल लावून ते जात नाहीत, पाण्यानंच विरघळतात. म्हणून बाबा शिकारीहून आले की चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी नळीतून ओतायचे. शेवटची काही वर्षं बहुतेक राहून गेलं असणार. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, एका अंगाला वाकलेली होती. लष्करी रायफलीत तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कान असतात. लाकूड कापताना ते निघून गेले, की माशी उघडी पडते आणि प्रत्येक फांदीशी तिची ओळख होते.

आता माझा गाढवपणा. दस्ता पुसायचा म्हणून मी आधी तोच काढायला घेतला. दस्त्याच्या पोटातून तो पक्का धरणारा एक लांब बोल्ट (स्क्रूसारखा, वरचा सरकता नव्हे) जातो. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला बसवलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो बोल्ट फिरवला, की ते लाकूड आतून चिरतं. 'कट्' असा आवाज आला तेव्हा मला वाटलं गंज सुटला. चार बोटं भेग पडली होती. एपॉक्सी भरून, घट्ट बांधून दोन दिवस ठेवलं. अजून तरी टिकलंय. तुमच्याकडे ही रायफल असेल तर आधी पुढचं लाकूड काढा आणि मगच दस्त्याला हात लावा. या लिखाणातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

गंज अगदी बारीक स्टील वूल आणि तेलानं हलक्या हातानं काढला. वरचा निळसर काळा रंग जिथे उडालाय तिथे उडालेलाच ठेवला, नवा मुलामा दिला नाही. लाकूड अक्रोडाचं, घामानं आणि धुरानं काळवंडलेलं. त्याला कच्चं जवसाचं तेल दिलं. तळहातानं चोळायचं, तासाभरानं पुसायचं, आठवडाभर विसरायचं, पुन्हा चोळायचं. असे सहा हात झाले. विदर्भातल्या माणसाला हे काम सांगावं लागत नाही, वासानंच हात चालतात. गॅरेजमध्ये दीड महिना जवसाच्या चटणीचा घमघमाट होता. एक मात्र सांभाळा: तेलाच्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. मी त्या बाहेर तारेवर पसरून वाळवल्या.

साईटच्या बाबतीत मी एकदा चुकले. चाळिशीनंतर डोळ्यांना मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं जनावर अशी तीन अंतरं एकदम दिसत नाहीत. खाच तर पार धूसर होते. सगळे म्हणाले स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) लाव, म्हणून भोकं न पाडता पकडीनं बसणारा माउंट मागवला आणि त्यावर स्कोप चढवला. तो एवढा उंच बसला की गाल लाकडाला टेकेचना. मान उंटासारखी वर करून नेम धरावा लागायचा. वरून काडतुसं भरताना बोटं अडायची. तिसाव्या काडतुसापर्यंत पकड ढिली पडली आणि गोळ्या मनाला येईल तिकडे जायला लागल्या. त्यात रुआहिनेचं धुकं. पहिल्याच फेरीत काचेवर वाफ धरली. स्कोप वाईट होता असं नाही, तो या रायफलीचा नव्हता.

मग गनस्मिथकडे गेले. त्यानं आधी हेडस्पेस, म्हणजे बोल्ट मिटल्यावर काडतुसाला उरणारी जागा, मापली, ती ठीक निघाली. त्यानंतर रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या डोळ्याजवळच्या भागावर, पीप साईट बसवून दिली. धातूची छोटी कमान, तिला एक भोक, वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायला दोन स्क्रू. रिसीव्हरचं पोलाद कडक असतं, भोक पाडताना त्याचं एक ड्रिल मोडलं. हे घरी करण्याचं काम नव्हे.

पीप साईटची गंमत अशी की भोकाकडे बघायचंच नसतं. भोकातून बघायचं, माशी जनावरावर ठेवायची. डोळा आपोआप मध्य शोधतो. शिवाय मागच्या-पुढच्या साईटमधलं अंतर १९ इंचांच्या आसपास होतं ते जवळपास २८ झालं, त्यामुळे नेमातली चूकही त्या मानानं कमी होते. सोबत बारीक भोकाची चकती मिळाली होती. ती कागदाच्या निशाण्यासाठी छान, पण संध्याकाळच्या रानात तिच्यातून काळोखाशिवाय काही दिसत नाही. मी ती काढून मोठं भोक ठेवलंय.

साईट बसवल्यावर गोळ्या शंभर मीटरवर वीतभर वर लागायला लागल्या. मागची साईट उंच झाली म्हणजे माशीही उंच हवी. या रायफलीच्या माशा ०.०१५ इंचाच्या टप्प्यानं वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात. २८ इंचांच्या अंतरावर एक टप्पा म्हणजे शंभर मीटरवर साधारण ५ सेंटीमीटर. मी कागदावर हिशेब करून चार टप्पे उंच माशी मागवली. वाकडी काढून ती बसवली आणि उरलेलं मागच्या स्क्रूनं जुळवलं.

काडतुसं १५० आणि १८० ग्रेन वजनाच्या गोळीची लावून पाहिली. १५०ची पाच भोकं तळहातात मावत नव्हती. १८०ची आता ८-९ सेंटीमीटरच्या आत पडतात. नळीची अवस्था बघता माझी तक्रार नाही. (नावात ३०३ असलं तरी गोळी ०.३११ इंचाची असते. ३०३ हे नळीतल्या उंचवट्यांमधलं माप. माझा दीर अजून वाद घालतो.)

रानात नेल्यावर काय? एप्रिलमध्ये, हरणांचे नर ओरडण्याच्या दिवसांत, इथल्या निसर्ग संवर्धन खात्याचा परवाना घेऊन रुआहिनेत गेले. पंचावन्न मीटरवर, बीचच्या झाडांत, अर्धवट आडोशाला लाल हरीण. इथला नियम असा, की निशाणा कोण आहे याची पक्की खात्री होईपर्यंत चापावर बोट न्यायचं नाही. ती खात्री गळ्यातल्या दुर्बिणीनं केली. रायफल वर आली तेव्हा माशी आधीच जागेवर होती. एकच गोळी. पुढच्या रविवारी सावजी रस्सा झाला, आणि बंदुकीचं वावडं असणाऱ्या माणसानं तीनदा वाढून घेतला.

इकडे मनावातूच्या किनारपट्टीत सांबरंही आहेत, १८७०च्या दशकात सिलोनहून आणलेली. त्यांची शिकार इथे चालते. ताडोबात ज्याच्यासाठी जीप थांबवून श्वास रोखून बसायचे, त्या जनावरावर मात्र मी ही रायफल उचलणार नाही.

तक्रारी आहेतच. पावसात भोकात थेंब अडकतो, फुंकून काढावा लागतो. दुसऱ्या महिन्यात बाजूचा स्क्रू ढिला झाला होता, तो दोऱ्यावर गोंदाचा थेंब देऊन बसवला. दीडशे मीटरच्या पुढे मी नेम धरत नाही. माशीच अख्खं हरीण झाकून टाकते. उघड्या माळावर लांबून मारणाऱ्यांनी नवी रायफल आणि चांगला स्कोप घ्यावा, आजोबांची भिंतीवर राहू द्यावी. दाट रानात, शंभर मीटरच्या आत ही साईट मला स्कोपपेक्षा उजवी वाटली.

काळी माशी गडद झाडीत हरवते, त्यावर अजून धड उपाय सापडलेला नाही. सध्या टोकाला मुलीचं पांढरं नेलपॉलिश लावलंय. दोन फेऱ्या टिकतं, मग परत लावावं लागतं.