शिडीवरचा ट्रे: एका दांड्याचा की दोन पायऱ्यांचा?

भिंतीला टेकवायच्या शिडीवर दोन्ही हातांचं काम निघालं की पहिला प्रश्न असतो, ड्रिल ठेवायचं कुठे? घडीच्या शिडीला वर सपाट टोपी तरी असते. सरळ शिडीला तीही नाही. कमरेचा पट्टा पक्कड-टेस्टरपुरता ठीक, पण ड्रिल अडकवलं की चढताना मांडीवर आपटत राहतं. एस हुकला टांगलेली बादली कुठेही आपोआप सरळ लोंबते, हा तिचा मोठा गुण. फक्त सहाचा बिट हवा असतो तेव्हा तो नेमका तळाशी गेलेला असतो. म्हणून मग शिडीला जोडायचा ट्रे. नाशिकमध्ये कॅमेरे, बाहेरचे दिवे, दुकानांचे बोर्ड अशी कामं करताना मी दोन प्रकार वापरलेत, त्यांच्याबद्दलच लिहितो.

तिसराही एक प्रकार आहे, शिडीच्या मधोमध, भिंतीच्या बाजूला बसणारा. तो मी विचारातच घेतला नाही. शिडी नियमाप्रमाणे, म्हणजे उंचीच्या पावपट अंतरावर पाय ठेवून लावली, तर टेकलेल्या टोकापासून चार फूट खाली भिंत आणि शिडीत जेमतेम फूटभर जागा राहते. हाताच्या उंचीवर तर ट्रे मावतच नाही, आणि जिथे मावतो तिथे आपले गुडघे असतात. भिंतीपासून शिडी दूर धरणारा स्टँड वर लावला असेल तर गोष्ट वेगळी.

आता पहिला प्रकार. एक गोल दांडा, त्याच्या टोकाला प्लास्टिकचा ट्रे. ॲल्युमिनियम शिडीच्या पायऱ्या पोकळ असतात. त्या पोकळीत बाजूने दांडा सरकवायचा आणि स्क्रू आवळायचा. हलका, स्वस्त, पिशवीत घालून दुचाकीवर नेता येतो. ट्रे उजव्या हाताला बाहेर राहतो, त्यामुळे चढता-उतरताना आडवा येत नाही. सपाट करायला तर क्षणही लागत नाही, दांडा फिरवला की झालं.

दांडा फिरतो, आणि माझ्यासाठी सगळा निकाल तिथेच लागला.

शिडी कधीच उभी सरळ नसते. नीट लावलेली शिडी जमिनीशी साधारण ७५ अंशांत असते, म्हणजे तिला काटकोनात बसवलेलं काहीही १५ अंशांनी भिंतीकडे उतरतं आणि स्क्रू आपोआप तिकडे घरंगळतात. म्हणून ट्रेला कोन बदलायची सोय हवीच. जुन्या नाशिकच्या गल्ल्यांत शिडीचा पाय मागे घ्यायला जागा नसते, तिथे कोन वेगळा. दिंडोरीकडे द्राक्षबागेतल्या शेडवर काम असेल आणि पावसानंतर काळी माती भुसभुशीत झाली असेल, तर शिडीचे पाय हळूहळू रुततात आणि काम चालू असतानाच कोन बदलतो. (अशा ठिकाणी पायांखाली फळी टाकाच, ट्रे असो वा नसो.) गोल दांडा कुठल्याही कोनाला जुळतो खरा, पण जो सहज फिरवता येतो तो नको तेव्हाही फिरतो. ड्रिल ट्रेच्या बरोबर मधोमध कुणी ठेवत नाही, घाईत कडेलाच टेकवतो. तेवढ्या वजनाने दांडा पोकळीत किंचित वळतो. स्क्रू आवळला तरी थोड्या वेळाने ढिला होतो, कारण भिंतीत भोक पाडताना सगळी शिडीच थरथरत असते.

सामान खाली पडतं, याचं मला इतकं वाटत नाही. खाली माणूस उभा राहू द्यायचा नसतो, आणि पडलेला प्लग उचलता येतो. त्रास वेगळाच आहे. आपलं अर्धं लक्ष ट्रेकडे राहतं. डावा हात, जो शिडी धरायला हवा, तो सारखा ट्रे सावरायला जातो. शिडीवर दोन पाय आणि एक हात टेकलेले असावेत असं म्हणतात, आणि हा ट्रे नेमका तोच हात मागून घेतो. काही शिड्यांच्या पायऱ्या गोल नसून इंग्रजी डी अक्षरासारख्या असतात. त्यात दांडा फिरायला नको, असं वाटतं. पण माझ्याकडचा दांडा तिथे घट्ट बसतच नव्हता, डुगडुगायचा.

दुसरा प्रकार दोन पायऱ्यांचा. वरच्या पायरीवर हुक, खालच्या पायरीला टेकणारा पाय, आणि दोन्हींना जोडून उजवीकडे बाहेर आलेली फळी. कोन बदलायला तिरक्या पट्टीत ओळीने भोकं, त्यांतून एक पिन. सातपूर किंवा अंबडला कुठल्याही फॅब्रिकेटरकडे असा ब्रॅकेट चौकोनी पाइपात होऊन जातो. दोन ठिकाणी धरलेला असल्यामुळे तो फिरत नाही, एवढीच त्याची हुशारी. भोकांमध्ये अंतर असल्याने अगदी पाणसळ लावल्यासारखी फळी सपाट होत नाही, थोडं इकडे-तिकडे राहतं. पण कडेला इंचभर काठ असला की तेवढा उतार चालून जातो. मला चालतो, बुवा.

त्याच्या तक्रारीही सांगायला हव्यात. वजनाला जड आहे, दुचाकीवर अडचण होते. सरकत्या शिडीत दोन भाग जिथे एकमेकांवर येतात तिथे तो नीट बसत नाही, आणि शिडी कमी-जास्त करायच्या आधी तो काढावाच लागतो. बांबूच्या शिडीला तर नकोच, तिच्या पायऱ्यांतलं अंतर सारखं नसतं. विजेच्या तारा जवळ असतील तिथे मात्र माझं मत पूर्ण उलटं आहे. तिथे फायबरची शिडी घेतो ती तिच्यातून वीज जात नाही म्हणून. तिलाच लोखंडी ब्रॅकेट फूटभर बाहेर काढून लावणं म्हणजे सांभाळलेलं सगळं घालवणं. तिथे प्लास्टिकचा ट्रे, नाहीतर साधी बादलीच. आणि घरी दिवाळीच्या आधी वर्षातून एकदा माळा लावण्यापुरतीच शिडी निघत असेल, तर जड ब्रॅकेटच्या भानगडीत पडू नये असं मला वाटतं.

वजनाचं दोन्हींना सारखंच लागू. शिडीवर लिहिलेल्या क्षमतेत माणूस आणि सामान दोन्ही धरलेले असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे वजन एका बाजूला येतं. चार लिटरचा भरलेला रंगाचा डबा पाच किलोच्या वर जातो. तो बाजूच्या फळीवर ठेवून वर आपणही तिकडेच वाकलो, तर शिडीचं टोक भिंतीवरून सरकू शकतं. ड्रिल, बिट, प्लग, स्क्रू, टेप एवढंच वर न्यावं. रंग छोट्या डब्यात ओतून घ्यावा.

बनवून घेणार असाल तर आपल्या शिडीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर मोजून न्या, शक्य असेल तर शिडीच घेऊन जा. हुकला आतून रबर लावायला सांगा, नाहीतर ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. फळीला ड्रिलचं तोंड खाली जाईल एवढं भोक पाडून घ्या, म्हणजे ते आडवं पडून जागा अडवत नाही. आणि पिनेला बारीक साखळी लावायला विसरू नका.